पक्का झाल्याचा चहा

आमच्या ह्यांना चक्कर येते हे मला माहीत होतं. त्यांना शौचाला रक्त पडतं हे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला माहीत होतं. आम्ही दोघं आठवड्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसून जेवत होतो, एकमेकांची टर उडवत होतो, आणि वर्षभर आपापलं तेवढं पोटात ठेवून होतो. हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. राग नक्की कुणाचा येतो, ते मात्र दर वेळी वेगळं असतं.

हे आणि माझे मेहुणे, दोघे साडू, उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुवायचे. गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला हातभर लांबीची फळी, फळीवर माणूस. कमरेला पट्टा, एका बाजूला बादली, हातात रबरी पट्टीचा वायपर. एक जण असा लोंबकळत मजल्यामजल्यानं खाली उतरतो आणि दुसरा वर कठड्याशी उभा राहून दोरावर नजर ठेवतो. दुपारी पाळी बदलते. ह्यांचं सगळं आयुष्य त्या फळीवर गेलं. धाकटीचं लग्न झालं तेव्हा मेहुणे एका गोदामात खोकी उचलत होते. ह्यांनीच त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. तेव्हापासून दोघांचं असं मेतकूट जमलं की आम्ही बहिणी बाजूलाच पडलो. एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसेल, असं धाकटी म्हणायची.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. फ्रेमच्या मापाने काचा कापायच्या, कडा घासायच्या, बसवायच्या. "आपण दोघंही काचेवर जगतो, तू छोट्या, मी मोठ्या," असं हे नव्या माणसाला आवर्जून सांगायचे आणि स्वतःच हसायचे. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की तो सुरू झाला की मी उठून आत जायची.

चक्कर त्यांनी मला सांगितली नाही, मी ती पकडली. सकाळी उठले की ते एकदम उभे राहायचे नाहीत. खाटेच्या कडेवर बसून राहायचे, जणू चपला शोधताहेत. चपला पायाशीच असायच्या. पँट घालताना एक हात भिंतीला. तोंड धुऊन मान वर केली की बेसिन गच्च धरून उभे. मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "काही नाही, जरा गरगरलं." आणि लगेच, "बाहेर कुठं बोलू नकोस हं."

का नाही बोलायचं ते मला ठाऊक होतं. गच्चीवर तो शब्द कुणी उच्चारत नाही. ज्याला गरगरतं तो 'पाणी बदलून आणतो' म्हणतो, बादली उचलतो आणि टाकीच्या सावलीत जाऊन बसतो. पाणी स्वच्छ असलं तरी कुणी विचारत नाही. चक्कर हा शब्द एकदा मुकादमाच्या कानावर गेला की माणूस दोरावरून उतरला तो कायमचा. मग त्याच्या हातात झाडू येतो आणि खालच्या पायऱ्या. ह्यांच्यासारख्या माणसाला पायऱ्या झाडायला लावणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालण्यासारखं होतं. मी गप्प बसले.

गप्प बसले म्हणजे स्वस्थ नाही बसले. मी त्यांना ओढत दुकानात नेलं. आमच्या दुकानात जगातलं प्रत्येक दुखणं डोळ्यांपासून सुरू होतं. डोकं दुखतं, मान दुखते, झोप येत नाही, सगळ्याला नंबर. ह्यांचा नंबर खरोखरच बदललेला निघाला, चाळिशीही लागली होती. मी स्वतःच्या हातांनी काचा घासून चष्मा करून दिला आणि वर ऐकवलं, "बघा, वेळेवर माझं ऐकत जा." त्यानंतरही गरगरायचं. मालक म्हणाले, नवीन चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो, थोडे दिवस असं होतंच. मग काय, मी चक्कर चष्म्याच्या नावावर टाकली आणि मोकळी झाले.

पुढे त्यांचा रंग उतरायला लागला. उन्हात काम करणारा माणूस, आणि चेहरा बंद खोलीत ठेवल्यासारखा फिका. दोन जिने चढले की दम. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला लावलं आणि म्हणाले, "रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घ्या, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या." खाण्यापिण्याकडे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी येऊन दोन दिवस सगळ्या भांड्यांवर राग काढला. माझ्या घरात माणसाचं रक्त कमी होतं म्हणजे काय! मग त्यांच्या ताटात मी असं काही वाढायला लागले की हे म्हणाले, "तू मला खाऊ घालतेयस की विकायला काढतेयस?"

गोळ्यांनी गुण आला. महिना दोन महिने ते खरंच बरे होते, खाटेवरून उडी मारून उठायचे. शौचाला काळं होतं म्हणून तेवढं मला लाजत लाजत विचारलं त्यांनी. मी पाकिटातला कागद वाचून दाखवला, या गोळ्यांनी काळं होतंच. दोघांचंही समाधान झालं. आजार बरा झाला असं आम्ही धरून चाललो. आता कळतं, फुटक्या टाकीत आम्ही वरून पाणी ओतत होतो आणि पातळी वर आली म्हणून खूश होत होतो.

मग पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मग आणखी एक. जेवताना अर्ध्यातून ताट सरकवायला लागले. धाकटी म्हणाली, "दाजी काय नवरदेव व्हायला निघालेत का पुन्हा?" सगळे हसलो. मेहुणेही हसले. मेहुणे सगळ्यात जोरात हसले.

पडले ते कुठून, तर स्टुलावरून. चाळिसाव्या मजल्याबाहेर टांगून घेणारा माणूस घरात पडद्याची दांडी बसवायला दोन वितींच्या स्टुलावर चढला आणि वळकटी सुटावी तसा खाली आला. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. ओठ भिंतीच्या रंगाचे. मी धाकटीला फोन केला. मेहुणे पाचव्या मिनिटाला दारात. ह्यांना पाठुंगळीला घेऊन तीन जिने उतरले आणि उतरताना त्यांना सारखे शिव्या देत होते. "साडू, बोल की. ए साडू, ही काय थट्टा आहे का?" त्या शिव्यांच्या आधारानं मी जिना उतरले.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. असायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी निघालं. एक पिशवी चढवली, मग दुसरी. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्याहून लहान, पण बोलणं सरळ. हे शुद्धीवर आल्यावर त्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. एका बाजूला मी, पायथ्याशी मेहुणे.

"चक्कर कधीपासून येते?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वर्ष होऊन गेलं."

मेहुण्यांनी मान झटकन वर केली. "वर्ष? ह्याला? चक्कर?" मग ह्यांना म्हणाले, "अरे, मला सांगितलं नाहीस? मी दोर धरतो तुझा!"

"काय सांगणार होतो," हे म्हणाले. "तूच मला मुकादमाकडे नेलं असतंस."

"नेलं असतंच की!"

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. "पुरुषाचं रक्त एवढं कमी होतं तेव्हा ते कुठून तरी जात असतं. शौचावाटे रक्त पडतं का?"

"नाही," हे म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला ते खरं वाटलं.

आणि मेहुणे हसले. देवाशपथ, हसले. माणसाला आपण मदत करतोय असं वाटतं तेव्हा तो जसा हसतो, तसे. "अहो डॉक्टर, लाजतोय तो ताईंसमोर. पडतं की. पण ते आमच्या कामाचंच आहे. मूळव्याध. फळीवर बसून बसून सगळ्यांनाच होते. ह्याला उशिरा झाली, एवढंच. गेल्या वर्षी चहा पाजला त्यानं सगळ्यांना."

"कसला चहा?" त्यांनी विचारलं.

मेहुण्यांनी मग सांगितलं आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं. फळीवर बसणाऱ्याला आज ना उद्या मूळव्याध होतेच, असं गच्चीवर सगळे धरून चालतात. ज्याला पहिल्यांदा रक्त दिसतं त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. तो पक्का झाला. तोवर तो कच्चा, मग त्याला किती का वर्षं होईनात. आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं म्हणून सगळे त्यांना चिडवायचे, 'कच्चा उस्ताद' म्हणायचे. गेल्या वर्षी एके दिवशी ते गच्चीवर आले, किटली भरून चहा मागवला आणि म्हणाले, "घ्या, झालो पक्का." टाळ्या पडल्या. मेहुण्यांनी त्यांना फोमची उशी भेट दिली, तिला फीत बांधून.

ती उशी मी पाहिली होती. गाडीवर बसायला आणली असेल असं मला वाटलं होतं. मी तिला दोनदा अभ्रा शिवला.

सांगता सांगता मेहुण्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं होतं. "म्हणजे रक्त वर्षभर जातंय," त्या म्हणाल्या, "आणि चक्कर वर्षभर येतेय. आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना तुम्ही फक्त चक्कर सांगितलीत."

"त्यांनी विचारलं नाही," हे म्हणाले. "आणि चक्कर वेगळी, हे वेगळं. हे खालचं आहे."

"रक्त एकच असतं हो," त्या म्हणाल्या. "खालून रोज थोडं थोडं गेलं की वर डोक्याला पुरत नाही. म्हणून गरगरतं."

एवढं सोपं होतं ते. शाळेतल्या पोराला कळलं असतं. ह्यांच्या शरीराचा वरचा भाग माझ्याकडे होता, खालचा भाग गच्चीवरच्यांकडे होता, आणि मधे आमचे हे, दोन्हीकडे खोटं हसत.

नळी घालून तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठ होती, कर्करोगाची. मग मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, तर यकृतात तिची पिल्लं सापडली, एक नाही, बरीच. आतड्यातली गाठ काढता येईल, नाहीतर रस्ता बंद होईल. यकृतातलं काढता येणार नाही. औषधं देऊ, जितकं लांबेल तितकं लांबवू. डॉक्टरीणबाईंनी हे आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मेहुणे बाहेर बाकावर होते.

मी विचारलं, "वर्षभर आधी आलो असतो तर?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "सांगा. ती सोडणार नाही तुम्हाला."

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हा ती आतड्यापुरतीच असण्याची शक्यता बरीच होती. तेवढीच असली तर ऑपरेशननं बहुतेक लोक बरे होतात."

बाहेर यायच्या आधी ह्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती, दोर धरणाऱ्याची. "हे साडूला सांगायचं नाही."

"का नाही? फीत बांधून उशी दिली ना त्यानं!"

"ऐक. त्याला अजून दोरावर जायचंय. हे डोक्यात घेऊन गेला तर हात थरथरेल त्याचा. मी तर जाणारच आहे, त्याला कशाला न्यायचं? शपथ घे."

मी घेतली. मनात नव्हतं, पण घेतली. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही.

ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटाला बाहेरून पिशवी लागली. औषधांच्या पहिल्या फेरीत ह्यांची नखं काळी पडली, दुसरीत तोंड सोललं. कसलाही वास सहन होईना, मी दुकानातून आले की आधी साबणानं हात धुवायची, तरी म्हणायचे, "काचेची पूड वास मारते." काचेला वास नसतो. मी पुन्हा हात धुवायची. कपड्यांचं माप दर आठवड्याला आटायचं. एकदा मी पिशवी बदलत असताना म्हणाले, "पाणी बदलून आण गं जरा." मी हसावं म्हणून म्हणाले. मला हसू आलं नाही, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मेहुणे रोज यायचे. कामावरून थेट, ओल्या बुटांनिशी. ह्यांना उचलून बसवायचे, पाठ पुसायचे, गच्चीवरच्या बातम्या सांगायचे. पण माझ्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. मीही त्यांना जेवा म्हणत नव्हते. धाकटीच्या ते लक्षात आलं. "ताई, त्यांना किती छळशील?" म्हणाली. मी म्हटलं, मी कुठे काय बोलतेय? ती म्हणाली, तेच.

एका संध्याकाळी हे आतल्या खोलीत पडले होते. मेहुणे त्यांची पाठ पुसून बाहेर आले आणि जायच्याऐवजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. टोपी हातात गोल गोल फिरवत होते.

"ताई, एक विचारू?"

"विचारा."

"लवकर कळलं असतं तर? म्हणजे मी जर तेव्हा, चहाच्या वेळी, तुमच्याशी बोललो असतो तर? काही फरक पडला असता का?"

मी पाठमोरी होते, भांडी विसळत. किती दिवस मी या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, धार लावून. पण शपथ आठवली आणि ती काळी पडलेली नखं आठवली. मी म्हटलं, "नाही. काही फरक पडला नसता. डॉक्टर म्हणाल्या, असलं दुखणं असंच असतं."

वळून पाहिलं तर मेहुणे दोन्ही हातांत तोंड घेऊन बसले होते. खांदे हलत होते. जरा वेळानं त्यांनी बाहीनं नाक पुसलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. बिचाऱ्याच्या तोंडावर असा उजेड आला की मलाही बरं वाटलं. मी न बोलता त्यांच्यापुढे ताट ठेवलं. भुकेल्या माणसासारखे जेवले. मधेच म्हणाले, "ताई, डोक्यावरचं ओझं उतरवलंत बघा." मी आणखी वाढलं.

हात धुऊन ते दाराशी गेले, बूट घालायला वाकले आणि तिथूनच सहज म्हणाले, "तुमची धाकटी उगाच मागे लागलीय. उद्याचा नंबर लावून ठेवलाय तिनं, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. नळीची तपासणी म्हणे. मी म्हटलं होतं, जाऊन येतो एकदाचा. पण तुम्ही सांगताय तसं असेल तर काय उपयोग? व्हायचं ते होतंच. ती नळी पोटात घालून घेण्यापेक्षा कामावर गेलेलं बरं."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "तुम्हाला कशाला तपासणी?"

"मलाही पडतं ना. आता दोनेक वर्षं झाली. पण माझी मूळव्याधच आहे, ताई. मी तर ह्याच्या आधी पक्का झालो."

आत हे जागे होते की झोपले होते, मला माहीत नव्हतं. मधलं दार अर्धं उघडं होतं. मी ते लावून घेतलं असतं तर चाललं असतं. हळू बोलले असते तरी चाललं असतं. पण हळू बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं.

ते बुटाची नाडी धरून तसेच वाकून राहिले.

"वाचले असते. वर्षभर आधी गेलो असतो तर बहुतेक वाचले असते. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय आम्हाला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून ह्यांनी शपथ घातली होती."

मेहुणे उठले नाहीत. उंबऱ्यावर बसलेच. तोंडावरचा तो उजेड माझ्यादेखत गेला. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी..."

"हो. तुम्ही. आणि मी. आणि ते स्वतः. कुणाकुणाला धरायचं ते नंतर बघू."

"पण ताई, माझी खरंच मूळव्याध आहे."

"त्यांचीही मूळव्याधच होती."

आतल्या खोलीत खाट करकरली. मेहुण्यांनी दाराकडे पाहिलं. ह्यांचा खोकला ऐकू आला. हाक आली नाही.

"त्यानं ऐकलं," मेहुणे कुजबुजले.

"ऐकू दे. उद्या किती वाजता बोलावलंय?"

"नऊला."

"धाकटीला सांगा, मीही येतेय. मी बाहेर नाही थांबणार, आत येणार आहे. त्या जे विचारतील ते तुम्ही माझ्यासमोर सांगायचं."